प्रतिकृतींसाठी अ‍ॅक्रिलिक रंग: निवड, वापर आणि अनिर्णित प्रश्न

प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून विमाने, रणगाडे, जहाजे आणि मोटारी यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याच्या छंदात रंगकामाला जोडणीइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच महत्त्व आहे. कारण जोडणीत राहिलेली फट लांबी भरून आणि घासून झाकता येते, परंतु शेवटच्या हातातला ओघळ किंवा खरखर तिऱ्हाइताच्याही नजरेतून सुटत नाही. या कामासाठी पूर्वी प्रामुख्याने इनॅमल रंग वापरले जात आणि आज बहुतेक ठिकाणी अ‍ॅक्रिलिक रंगांनी त्यांची जागा घेतली आहे. हा बदल जवळजवळ पूर्ण झालेला असला, तरी कोणता अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावा, तो कशाने पातळ करावा, ब्रशने द्यावा की फवारावा आणि मूळ वस्तूच्या रंगाशी तो कितपत जुळावा, यांविषयीचे मतभेद अद्याप मिटलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या मतभेदांची आजची स्थिती क्रमाने मांडली आहे.

पार्श्वभूमी

१९५०च्या दशकात इंग्लंडमधील एअरफिक्ससारख्या कंपन्यांनी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची स्वस्त किट बाजारात आणली आणि प्रतिकृती बनवणे हा घरोघरी जमण्याजोगा छंद झाला. त्याच्या जोडीला हल येथील हम्ब्रोल कंपनीचे छोट्या डबीतले इनॅमल रंग आले. इनॅमलमध्ये तेलाचा अंश असलेली अल्किड राळ बंधक म्हणून असते, म्हणजे रंगद्रव्याचे कण एकमेकांना आणि पृष्ठभागाला धरून ठेवण्याचे काम ती करते. द्रावक उडून गेल्यावर ही राळ हवेतील ऑक्सिजन शोषून हळूहळू कडक होते. त्यामुळे इनॅमलचा थर चिवट बनतो आणि संथपणे वाळत असल्याने ब्रशचे ओरखडे आपोआप सपाट होतात. मात्र दुसरा हात देण्यासाठी बराच काळ थांबावे लागते, ब्रश धुण्यासाठी टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिट लागते आणि त्याचा वास घरभर पसरतो.

अ‍ॅक्रिलिक राळेचा इतिहास छंदाच्या इतिहासापेक्षा जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो र्‍योम यांनी १९०१ मधील आपल्या प्रबंधात अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडपासून मिळणाऱ्या पदार्थांचा अभ्यास केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात विखुरलेल्या अ‍ॅक्रिलिक राळेचे रंग प्रथम भिंतींसाठी निघाले आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत हेन्री लेव्हिसन यांच्या लिक्विटेक्सने ते चित्रकारांच्या हाती दिले. प्रतिकृतींच्या क्षेत्रात ते आले ते निरनिराळ्या वाटांनी. जपानमध्ये शिझुओका येथील तामिया आणि आज जीएसआय क्रिऑस या नावाने ओळखली जाणारी गुन्झे सांग्यो या कंपन्यांनी ते किटच्या पूरक उत्पादनांच्या रूपाने विकसित केले. स्पेनमधील वाय्येखो ही कंपनी मात्र अमादेओ वाय्येखो यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीत सुरू केली, ती १९६९ मध्ये स्पेनला गेली आणि व्यंगचित्रपटांच्या चित्रांसाठी लागणाऱ्या रंगांपासून तिचे काम सुरू झाले होते. हा उगमातला फरक आजही बाटलीतल्या रंगाच्या स्वभावात दिसतो: जपानी रंग यंत्रातून फवारण्यास सोयीचे, तर स्पॅनिश रंग ब्रशला अनुकूल.

तीन कुळे

अ‍ॅक्रिलिक हे नाव राळेचे आहे. ती राळ कोणत्या द्रवात आहे हे त्यावरून कळत नाही, आणि व्यवहारातल्या बहुतेक अडचणी या दुसऱ्या गोष्टीतून उद्भवतात. या दृष्टीने बाजारातल्या रंगांची तीन कुळे मानता येतात.

पहिले कूळ इमल्शनचे. यात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विरघळलेले नसून केवळ तरंगत असतात; पाणी उडाले की हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा सलग पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. वाय्येखोच्या मॉडेल कलर व मॉडेल एअर या मालिका, ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉपचे सिटाडेल रंग आणि इटलीचे लाइफकलर ही या कुळाची परिचित उदाहरणे आहेत. दुसऱ्या कुळात राळ पाणी, अल्कोहोल आणि ग्लायकॉल ईथर यांच्या मिश्रणात असते. तामियाच्या एक्स (चकचकीत) व एक्सएफ (मंद) या मालिका आणि क्रिऑसची अक्वियस हॉबी कलर मालिका यात मोडतात. हे रंग ओले असताना पाण्याने धुतले जातात, म्हणून त्यांना सरसकट ‘पाण्याचे रंग’ म्हटले जाते, पण पृष्ठभागाला धरून राहण्याची त्यांची ताकद द्रावकांमुळे येते. तिसरे कूळ पूर्णपणे सेंद्रिय द्रावकातले असून त्याला बोलीत ‘लॅकर’ म्हणतात. क्रिऑसची मिस्टर कलर मालिका आणि एके इंटरॅक्टिव्हची रिअल कलर्स ही मालिका येथे येते. यांची राळही अ‍ॅक्रिलिकच असते, परंतु पाण्याशी त्यांचा संबंध नसतो. त्यांचा थर सर्वांत पातळ, सर्वांत चिवट आणि मिनिटांत वाळणारा असतो, आणि वासही सर्वांत उग्र.

एखाद्या जाणत्या कारागिराने दिलेला सल्ला दुसऱ्याच्या हातात फसतो, याचे कारण बहुधा येथेच सापडते: सल्ला एका कुळाचा असतो आणि बाटली दुसऱ्या कुळाची.

थिनरचा प्रश्न

याचा सर्वांत ठळक दाखला रंग पातळ करताना मिळतो. तामियाच्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातले तर तो सहज मिसळतो. कंपनीचा स्वतःचा एक्स-२०ए हा थिनरही पाणी, हेच अल्कोहोल आणि ग्लायकॉल ईथर यांचाच बनलेला आहे. तेच अल्कोहोल वाय्येखोच्या मॉडेल कलरमध्ये घातले की काही क्षणांत राळेचे कण एकमेकांना धरू लागतात, कपाच्या कडेला तार सुटते आणि रंग नासलेल्या दुधासारखा फुटतो. एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारण्याच्या यंत्राच्या, आत हे घडले तर सुई व नॉझल सोडवून साफ करण्यात संध्याकाळ जाते. म्हणून इमल्शनसाठी पाणी किंवा त्याच कंपनीचा थिनर वापरावा याविषयी फारसा वाद नाही.

वाद आहे तो तामियाच्या रंगात लॅकर थिनर घालण्याविषयी. क्रिऑसच्या मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरमध्ये वाळण्याचा वेग कमी करणारा रिटार्डर असतो. तो तामियाच्या रंगात मिसळल्यास थर अधिक सपाट बसतो, प्लास्टिकला घट्ट धरतो आणि घासले तरी सहजासहजी उडत नाही, असा अनेक अनुभवी मॉडेलकारांचा निर्वाळा आहे. उलट पक्षाचे म्हणणे असे, की पाण्याने धुता येणारा आणि सौम्य वासाचा रंग मुद्दाम निवडल्यावर त्यात उग्र द्रावक ओतणे म्हणजे निवडीचा हेतूच सोडून देणे होय. शिवाय तीव्र लॅकर थिनर पॉलिस्टायरीनला मऊ करू शकतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. परिणामाच्या दृष्टीने पहिली पद्धत सरस ठरते, मात्र हवा बाहेर टाकण्याची सोय नसलेल्या घरात ती अवलंबू नये.

ब्रश आणि एअरब्रश

ब्रशने काम करणाऱ्यांना तामियाचे रंग त्रास देतात, ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारण रसायनात आहे. दुसरा हात देताना त्यातले द्रावक खालचा अर्धवट वाळलेला थर पुन्हा मऊ करते, ब्रशबरोबर तो ओढला जातो आणि पृष्ठभागावर वळ उठतात. ब्रश एकदाच फिरवून बाजूला घेणे, रिटार्डर मिसळणे आणि दोन हातांमध्ये पुरेसा अवधी ठेवणे हे उपाय आहेत; तरी मोठ्या पंखासारख्या सपाट भागावर ते तोकडे पडतात. इमल्शन रंगांत ही अडचण नसते, कारण खालचा पापुद्रा वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. पाण्याने किंचित पातळ केलेले दोन-तीन हात दिले तर तपशील न बुजता रंग भरतो. सैनिकांच्या व योद्ध्यांच्या छोट्या पुतळ्यांचे रंगकाम करणारा वर्ग बहुतांशी याच कुळाशी बांधलेला आहे. याच वर्गाला समोर ठेवून गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रास्ट’ ही मालिका आणली. हा पारदर्शकसर रंग खोलगट भागात गडद साचतो आणि उंचवट्यावर फिका राहतो, त्यामुळे एकाच हातात छाया-प्रकाश मिळतो.

एअरब्रशमध्ये बाजू उलटते. साधारणतः ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या नॉझलमधून, १ ते १.५ बार दाबाने, अनेक विरळ थरांत रंग फवारला जातो. तामिया आणि लॅकर येथे निर्धोक चालतात. इमल्शन मात्र सुईच्या टोकाशीच वाळू लागते, टोकावर रंगाचा कण साठतो आणि तो सुटला की पृष्ठभागावर ठिपका पडतो. फ्लो इम्प्रूव्हर नावाचे द्रव, रिटार्डर आणि टोक अधूनमधून ओल्या ब्रशने पुसणे यांनी हे आटोक्यात राहते. दाब जास्त आणि अंतर मोठे असल्यास थेंब हवेतच सुकतात व पृष्ठभाग भुकटी धरल्यासारखा होतो. अंतर कमी आणि रंग पातळ असल्यास कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात. या दोहोंमधला मध्य पुस्तकातून कळत नाही, टाकाऊ प्लास्टिकवर हात बसवावा लागतो.

प्रायमर म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर; त्याविषयीही मतभेद आहेत. लॅकर आणि तामिया उघड्या प्लास्टिकवर बसतात, म्हणून एक पक्ष प्रायमरला अनावश्यक थर मानतो. इमल्शनबाबत ही मुभा नाही. प्रायमरशिवाय दिलेल्या इमल्शनवर मास्किंग टेप लावून ती उचलली, तर टेपबरोबर रंगाचा सलग पापुद्रा निघून येतो आणि खाली प्लास्टिक स्वच्छ उघडे पडते. हाताच्या तेलाचा अंश राहिला असेल तर हे हमखास घडते, म्हणून भाग आधी साबणाच्या पाण्याने धुण्याची रीत आहे. पुढच्या थरांचा क्रम बहुतेकांना मान्य आहे: रंगावर चकचकीत वॉर्निश, त्यावर डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, मग तैलरंगाचा किंवा इनॅमलचा वॉश म्हणजे अतिशय पातळ हात आणि शेवटी मंद वॉर्निश. चकचकीत थर नसेल तर डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. वॉशसाठी वेगळ्या द्रावकाचा रंग घेतला जातो तो अशासाठी, की व्हाइट स्पिरिट वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला धक्का लावत नाही आणि जास्तीचा वॉश निश्चिंतपणे पुसता येतो. इनॅमल छंदातून पूर्णपणे गेलेले नाही, ते या कोपऱ्यात टिकून आहे.

रंगछटेचा खरेपणा

सर्वांत जुना, सर्वांत तापलेला आणि अभ्यासकाला सर्वांत अधिक देणारा वाद छटेचा आहे. एका बाजूला प्रमाणित रंगपट्ट्यांवर विसंबणारा पक्ष आहे. अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ या रंगसंहितेत प्रत्येक छटेला पाच अंकी क्रमांक आहे. पहिला अंक चकाकी सांगतो आणि दुसरा रंगगट, म्हणून ३६३७५ म्हणजे मंद चकाकीचा एक करडा, असे नुसत्या अंकांवरून कळते. ब्रिटनची बीएस ३८१सी आणि जर्मनीची आरएएल या अशाच संहिता आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या बाटल्यांवर हे क्रमांक छापलेले असतात. तरीही एकाच क्रमांकाच्या दोन कंपन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर छटा वेगळ्या दिसतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

दुसरा पक्ष इतिहासाकडे बोट दाखवतो आणि मूळ वस्तूचाच रंग कितपत एकसारखा होता, असे विचारतो. स्पिटफायर विमानाचे उदाहरण येथे बोलके आहे. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांचा खालचा भाग ‘स्काय’ या फिकट हिरवट छटेत रंगवण्याचा आदेश निघाला. तत्पूर्वी डावा पंख खालून काळा आणि उजवा पांढरा असे. आदेश निघाला तेव्हा तो रंग पुरेसा उपलब्ध नव्हता आणि तळांवर हाताशी असलेल्या रंगांतून जवळपासच्या छटा तयार करण्यात आल्या. पुढे ऑगस्ट १९४१ मध्ये वरच्या भागातील तपकिरीऐवजी ‘ओशन ग्रे’ ठरवला गेला, तेव्हाही पुरवठा होईपर्यंत मीडियम सी ग्रे व काळा यांच्या ७:१ मिश्रणाने काम भागवावे लागले. अशा काळातल्या विमानासाठी ‘अचूक’ छटा ही एक छटा नसून छटांचा पट्टा असतो. जर्मन हवाई मंत्रालयाच्या युद्धाच्या अखेरच्या काळातील रंगक्रमांकांविषयी तर पायाच डळमळीत आहे: आरएलएम ८३ हा दीर्घकाळ गडद हिरवा मानला गेला, परंतु तो मुळात गडद निळा होता असा युक्तिवाद काही संशोधकांनी केला आहे.

तामियाने दीर्घकाळ तिसरी वाट धरली होती. ठरावीक मूळ रंग विकायचे आणि किटच्या सूचनापत्रकात मिश्रणाचे प्रमाण द्यायचे, ही ती वाट. स्पिटफायरसाठी मात्र पुढे एक्सएफ-८१, ८२ व ८३ या तयार बाटल्या काढाव्या लागल्या. ग्राहकाचा कल कोणीकडे आहे हे यावरून दिसते.

या वादाला जोडूनच प्रमाण-परिणामाचा सिद्धांत येतो. १:७२ प्रमाणातली प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरी वस्तू सुमारे २१.६ मीटरवरून पाहणे. दूरची वस्तू फिकी दिसते, म्हणून प्रतिकृतीच्या रंगात पांढरा मिसळून तो उजळ करावा, असे हा सिद्धांत सांगतो. १:७२ साठी सुमारे १५ टक्के आणि १:४८ साठी सुमारे १० टक्के पांढरा ही प्रमाणे मॉडेलकारांत रूढ आहेत. आक्षेप असा, की स्वच्छ हवेत वीस मीटरवर प्रकाशाचे विखुरणे नगण्य असते. दोन-चार किलोमीटरवरच्या डोंगराला लागू पडणारे कारण येथे लावता येत नाही. तरीही मूळ रंगाचा जसाच्या तसा हात दिलेली प्रतिकृती काळवंडलेली वाटते, हे निरीक्षण बहुतेकांना मान्य आहे. लहान क्षेत्रफळावर रंग अधिक गडद भासणे आणि घरातला उजेड उन्हापेक्षा कितीतरी मंद असणे ही कारणे अधिक पटण्यासारखी आहेत. ती मान्य केली तर ठरावीक टक्केवारीला आधार उरत नाही आणि उजळपणा प्रतिकृती जेथे ठेवायची तेथल्या प्रकाशात पाहून ठरवावा लागतो.

श्वास आणि आग

पाण्याचा रंग म्हणजे निरुपद्रवी रंग, हा समज मागे पडणे आवश्यक आहे. ब्रशच्या कामात तो बऱ्याच अंशी खरा असला, तरी फवारणीत राळ व रंगद्रव्य यांचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात आणि फुप्फुसात जातात, मग द्रव पाणी असो वा अन्य काही. एन-९५ सारखा मास्क कण अडवतो, वाफा अडवत नाही. अल्कोहोल किंवा लॅकरसाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डबीचा मुखवटा लागतो. हवा घराबाहेर टाकणारा पंखा बसवताना त्याची मोटर ज्वलनशील वाफांच्या मार्गात येणार नाही हेही पाहावे लागते. लहान मुले वावरतात त्या खोलीत लॅकर फवारू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील हवा आणि बाजार

रंगांच्या बाटल्यांवरच्या सूचना समशीतोष्ण हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा वेळी इमल्शनमधले पाणी लवकर उडत नाही आणि वरून कोरडा भासणारा थर आतून मऊ राहून बोटाचा ठसा घेतो. लॅकरची अडचण वेगळी. द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर जमते आणि चकचकीत थरावर पांढुरके मळभ येते. रिटार्डर घालणे किंवा उघडीप मिळेपर्यंत थांबणे एवढाच उपाय असतो, आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा तर हवाच. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे याच्या उलट घडते: रंग सुईच्या टोकावरच नव्हे, तर पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो.

बाजाराची मर्यादाही निवड ठरवते. द्रावकातले रंग ज्वलनशील माल म्हणून हवाई वाहतुकीच्या निर्बंधांत येतात. इमल्शन रंगांना ही अडचण नसते, त्यामुळे परदेशातून मागवणाऱ्याच्या हाती ते सुकरपणे येतात. देशी पर्याय म्हणून दांडेकर कुटुंबाने १९३१ मध्ये उभ्या केलेल्या कॅम्लिनचे चित्रकारांसाठीचे अ‍ॅक्रिलिक आणि पिडिलाइटचे फेव्हिक्रिल वापरले जातात. हे रंग कॅनव्हास व कापड यांसाठी बनवलेले, दाट आणि जाडसर थर देणारे असतात. देखाव्याची जमीन, झाडोरा, दगडी भिंत यांसाठी ते उत्तम आहेत आणि प्रायमरवर पातळ हातांनी पुतळ्यांनाही चालतात. एअरब्रशमधून मात्र ते गाळून घेतले तरी भरवशाचे ठरत नाहीत, आणि विमानाच्या पंखावरच्या केसाएवढ्या रेषा त्यांच्या जाडीखाली बुजतात. विद्यार्थ्याने पहिल्या किटसाठी हेच रंग घ्यावेत, की थोडे थांबून तीन-चार आयात बाटल्या घ्याव्यात, याचे उत्तर किट कसले आहे यावर अवलंबून आहे. पुतळ्यासाठी पहिला मार्ग पुरेसा आहे, विमानासाठी दुसराच बरा.

टिकाऊपणा आणि घटकांची माहिती

इनॅमलचे जुने वॉर्निश काळाने पिवळे पडते हे दिसून आलेले आहे आणि अ‍ॅक्रिलिक या बाबतीत श्रेष्ठ मानले जाते. परंतु इमल्शनच्या थराचे स्वतःचे दोष आहेत. लंडनच्या टेट संग्रहालयातील संवर्धकांनी अ‍ॅक्रिलिक चित्रांच्या अभ्यासात दाखवले आहे, की या थरातील साबणासारखी साहाय्यक द्रव्ये कालांतराने पृष्ठभागावर येतात आणि नेहमीच्या तापमानालाही थर काहीसा मऊ असल्याने त्यात धूळ रुतते. चित्रांविषयीचा हा निष्कर्ष छंदाच्या रंगांना किती लागू होतो हे ठरवणे अवघड आहे, कारण उत्पादक सुरक्षापत्रकात धोकादायक घटक तेवढे देतात, राळेची पूर्ण जात सांगत नाहीत. त्यातच मालिका बंद होतात: अमेरिकेतील रेल्वे-मॉडेलकारांचे लाडके फ्लोक्विल आणि पॉली स्केल हे रंग २०१३ मध्ये थांबले, आणि त्यांच्या क्रमांकांवर आधारलेल्या पिढीभराच्या मिश्रण-कोष्टकांसाठी नवे पर्याय शोधावे लागले. काही मॉडेलकार आता प्रतिकृतीच्या तळाशी प्रायमर, रंग, थिनर व वॉर्निश यांची नावे आणि तारीख लिहून ठेवतात. कुठला थर कोणावर किती वर्षे टिकला याचा पडताळा घेण्यासाठी तूर्त एवढाच पुरावा तयार होत आहे.